मश्रूमचा खुराक

मश्रूमला खायला काय घालावं, या विषयावर आमच्या पंचक्रोशीत मत नसलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. ज्याच्या परसात मिरचीचं रोप जगत नाही तोही सांगतो. ज्याने मश्रूम कधी ताटात घेतलं नाही, घेणार नाही, 'ती कुत्र्याची छत्री' म्हणून ज्याने आमच्याकडे चहासुद्धा नाकारला, तोही सांगतो. मी आयुष्यभर एस.टी.त कंडक्टर होतो, पेण-रोहा गाडीवर. फुकट सल्ल्याचं आणि माझं नातं जुनं आहे. गाडी कुठून वळवावी हे ड्रायव्हरला सोडून सगळ्यांना कळतं, हे मी रोज बघत होतो. पण निवृत्त होऊन घरी बसलो, तर तीच गाडी माझ्या अंगणात येऊन उभी राहील असं वाटलं नव्हतं.

गोठा रिकामा होता. शेवटची म्हैस विकल्यावर त्यात फुटक्या टोपल्या, जुना नांगर आणि माझी सायकल होती. आमची सून खारेपाटातली, धरमतरच्या बाजूची, पेणच्या कॉलेजात शिकलेली. तिने तो झाडून घेतला, भिंतींना चुना लावला, खिडक्यांना जाळी ठोकली आणि ढिंगरी मश्रूम लावलं. ढिंगरी म्हणजे ते शिंपल्यासारखं, घडाघडाने येतं ते. काम साधं आहे, पण सोपं नाही. भाताचा पेंढा बारीक तोडायचा, रात्रभर भिजवायचा, पिंपात उकळायचा, निथळून गार करायचा. मग पिशवीत पेंढ्याचा थर, वर बियाणं, पुन्हा थर, असं भरून तोंड बांधायचं आणि अंधारात टांगायचं. पेंढ्यात पांढरं जाळं पसरत जातं. पूर्ण पांढरं झालं की पिशवी फाडायची आणि पाणी मारत राहायचं. मग एक दिवस घड फुटतात.

हे सगळं ती का करत होती तेही सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. मुलगा जवळच्याच एका कंपनीत शिफ्टला जातो. त्याला पनवेलला चांगल्या पगाराची नोकरी मिळत होती. नात जूनमध्ये पहिलीला जाणार. इथे राहायचं की पनवेलला, ते तोवर ठरवायचं होतं. मश्रूमचं बस्तान बसलं तर राहायचं, नाहीतर बिऱ्हाड हलवायचं, असं दोघांनी जेवताना सांगितलं. आमच्या हिने तेव्हा हातातला घास खाली ठेवला. आणि त्या दिवसापासून ही बाई देवासमोर हात जोडून मश्रूमसाठी नवस बोलायला लागली. मश्रूमसाठी! आम्ही दोघंच या घरात राहिलो तर ही खंगेल हे मला दिसत होतं. मी खंगलो असतो ते वेगळं, पण मला विचारतो कोण.

पहिलं पीक बरं आलं. कोलाडला नदीवर होड्यांतून उड्या मारायला मुंबईचे लोक येतात, त्यांच्यासाठी तिथे हॉटेलं झाली आहेत. त्यातल्या एका हॉटेलवाल्याने सगळा माल उचलला आणि आठवड्यातून दोनदा हवा म्हणाला. पण त्याच पिशव्यांना दुसरा बहर आला तो निम्मा, आणि तिसऱ्याला तर टाचणीच्या डोक्याएवढे नुसते कोंब निघाले. हॉटेलवाला म्हणाला, ताई, मला एक दिवस सूप आणि एक दिवस नाही असं चालत नाही. त्याचं चुकलं नव्हतं. सून विचारात पडली. आणि नेमक्या त्याच रविवारी माझा मेव्हणा आला.

मेव्हणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. पेणला रामवाडीत राहतो. हायवेजवळ घर, त्यामुळे आपण जगाच्या मध्यावर आहोत असा त्याचा समज. त्याने आजवर केलेल्या धंद्यांची नावं सांगत बसलो तर माझं जेवण राहील. एकही टिकला नाही, पण प्रत्येक धंद्यातून हा 'अनुभव' घेऊन बाहेर पडला आणि आता तो अनुभव वाटत फिरतो. उंटावरचा शहाणा म्हणतात ना, तसा. उंटाचा हप्तासुद्धा याने फेडला नसता. गोठ्यात शिरला, दोन्ही हात मागे बांधून पिशव्यांच्या रांगेतून साहेबासारखा फिरला, आणि म्हणाला, "भावोजी, हे कुपोषण आहे."

"कोणाचं?" मी म्हटलं.

"मश्रूमचं. नुसत्या पेंढ्यावर ठेवलंय तुम्ही. गड्याला नुसत्या पेजेवर ठेवलं तर तो नांगर धरील काय? प्रोटीन पाहिजे, प्रोटीन. मी व्हिडिओ बघितलेत."

आता गंमत अशी, की मेव्हण्याचं बोलणं खरं होतं. घड्याळ बंद पडलं तरी दिवसातून दोनदा बरोबर वेळ दाखवतं, तसं. सुनेने तेच वाचलं होतं. पेंढ्यात पोषण कमी असतं. त्यात भाताचा कोंडा किंवा डाळीची चुणी थोड्या प्रमाणात मिसळली तर पीक वाढतं, पण जपून, कारण खुराक जास्त झाला की पिशवी आतून तापते आणि मश्रूमच्या आधी नको ती बुरशी जेवायला बसते. म्हणून तिने गिरणीतून कोंडा आणला, पेंढ्याबरोबरच उकळून घेतला आणि मोजक्या पिशव्यांत मूठभर घालून बघितला. बाकीच्या पिशव्या होत्या तशाच ठेवल्या. हे मेव्हण्याला बिलकूल आवडलं नाही. "चिमूटभर काय घालतेस? जेवायला वाढतेयस की प्रसाद?" म्हणाला.

कोंड्याच्या पिशव्यांना काय बहर आला म्हणता! एकेक घड नातीच्या डोक्याएवढा. दुसरा बहरही भरून आला. हॉटेलवाला खूश. आमची ही तर सबंध आळीत घड दाखवत फिरली, जणू बारसंच होतं. आणि मग काय, श्रेय घ्यायला रांग लागली. गिरणीवाला म्हणाला, माझा कोंडाच तसा आहे. शेजारचा म्हातारा म्हणाला, मी नाय का सांगत होतो? तो काय सांगत होता माहीत आहे? बैलाला घालतात तशी सरकीची पेंड घाला. त्याची बायको म्हणाली अळीव आणि मेथी घाला, बाळंतिणीला देतात तशी, म्हणजे घड भरतील. एकाने गूळ सांगितला. एकाने शेण. सुक्या बोंबलाचं कूट सांगणाराही एक निघाला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! पोरगी घाम गाळून काम करतेय आणि हे पारावरचे पंडित तिला मेनू सांगतायत. मी गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसायचो आणि येणाऱ्या प्रत्येकाची हजेरी घ्यायचो. बोंबीलवाल्याला तर असा झाडला की तो अजून आमच्या घरावरून जाताना मान वळवतो. तेवढंच मला समाधान.

पण झाडूनसुद्धा न हटणारा असा एकच. मेव्हणा. कोंड्याचे बहर झाल्यावर एका रविवारी पुन्हा हजर. या वेळी कोंड्यालाही नाकं मुरडली. म्हणाला, "ताई, कोंडा म्हणजे कोंबडीचं खाणं. आपल्याकडे सोनं पडलंय आणि आपण कोंडा घालतोय."

"कसलं सोनं रे?" हिने विचारलं.

"वाल!"

आता आमच्याकडे वाल हा शब्द कोणी सहज काढत नाही. भात निघालं की त्याच ओलीवर आम्ही वाल पेरतो. थंडीत शेंगा आल्या की शेतात शेंगांनी भरलेलं मडकं भाजून पोपटी होते, आणि सुकलेले वाल वर्षभर बिरड्याला पुरवायचे. पाहुण्याला बिरडं घातलं नाही तर पाहुणचार झाला असं धरत नाहीत. मुलीला सासरी पाठवताना आधी वाल बांधतात, मग साड्या. असा वाल, मेव्हण्याच्या मते, दळून मश्रूमला घालायचा. भरपूर घालायचा. "नुसतं प्रोटीन, ताई! हॉटेलवाला टेम्पो घेऊन येईल. मग बघू कोण जातंय पनवेलला."

बस. पनवेलचं नाव काढलं आणि ही हरली. मी म्हटलं, अगो, सुनेला विचार तरी. ही म्हणाली, "विचारायचं काय त्यात? घरचा वाल हाय. सूनबाय मागायची नाय, तिला संकोच वाटतो. आपण होऊन द्यावा." सून तेव्हा माहेरी गेली होती, चुलत बहिणीच्या हळदीला. जाण्याआधी तिने पेंढा भिजवून ठेवला होता, आणि दुसऱ्या दिवशी येऊन उकळून भरणार होती. मेव्हणा म्हणाला, कशाला थांबायचं, आपणच भरू, पोरीला आल्यावर खूश करू. पी हळद आणि हो गोरी. मी नको म्हणत होतो. मला म्हणाला, "भावोजी, तुम्ही तिकिटं फाडा."

हिने कोठीतला डबा काढला. सबंध वर्षाचा वाल. गिरणीवर नेऊन दळून आणला. गिरणीवाला चकित झाला, वाल कोणी दळून नेतं का? ही म्हणाली, तुला नाय कळायचं. मग पेंढा उकळून, निथळून दोघं भावंडं अंगणात बसली, आणि ते कच्चं पीठ मुठीमुठीने थरांवर घालायला लागली. ही घालताना पुटपुटत होती. मी कान देऊन ऐकलं. म्हणत होती, "खा रे बाबांनो, खा आणि वाढा." माझ्या मुलाला लहानपणी भरवतानाही ती हेच म्हणायची. मला हसूही आलं आणि रागही आला. रागच जास्त आला, कारण हसलो असतो तर मेव्हण्याला वाटलं असतं की मी त्याच्या बाजूचा.

सून दुसऱ्या दिवशी आली. टांगलेल्या पिशव्या बघून दारातच थांबली. "कोणी भरल्या?" मेव्हणा पुढे झाला आणि त्याने भाषण ठोकलं. ती एकेक पिशवी हाताने चाचपत गेली. एवढंच म्हणाली, "बरं, बघू." आमची ही तिच्या तोंडाकडे बघत होती, शाबासकीची वाट बघत. ती मिळाली नाही.

आणि मग काहीच झालं नाही. म्हणजे खरोखरच काही झालं नाही. एरवी आठवडाभरात पेंढ्यात पांढरे धागे पसरायला लागतात. या पिशव्यांत बियाणं जसं घातलं तसंच दाण्यादाण्याने बसून राहिलं. पिशव्या हाताला गरम लागायला लागल्या. मग आंबूस वास सुटला. मग तळाला चिकट पाणी साचलं. गोठ्यात पाय ठेववेना. जुन्या पिशव्यांचे बहर संपत आले होते आणि नव्या अशा. हॉटेलवाल्याचा माणूस दोनदा रिकाम्या हाताने परत गेला. तिसऱ्यांदा आलाच नाही.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला नजर लागली असेल. लिंबू बांधा. पुढे म्हणाला, गोठ्याचं तोंड दक्षिणेकडे आहे, मी पहिल्याच दिवशी बोलणार होतो. प्रोटीनपासून सुरुवात करून माणूस लिंबापर्यंत आला! नाचता येईना तेव्हा अंगण वाकडं असतं, याचं तर गावच वाकडं होतं.

सुनेने एक पिशवी अंगणात आणून फाडली आणि पीठ बोटांवर घेऊन बघत बसली. मग हिला विचारलं, "आई, वाल कुठले होते?"

"कोठीतले गो. अगदी स्वच्छ, एक कीड नव्हती त्यात. मी दरवर्षी पावडर लावून ठेवते ना."

"कसली पावडर?"

"बोरिक. आणि कसली?"

सगळे लावतात. तांदळाला लावतात, वालाला लावतात, आणि आमच्या हिचा हात सढळ. खायच्या वेळी कोणाला त्याचं काही वाटत नाही, कारण वाल आधी खळखळून धुतात, भिजवतात, मोड आणतात, सोलतात, आणि मग कढईत जातात. पावडर केव्हाच गटारात गेलेली असते. पण दळायचे वाल धुवून कसे चालतील? ओला वाल जात्याला चिकटतो. म्हणून ते जसे डब्यातून निघाले तसेच दळले गेले. हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

सून हळूच म्हणाली, "आई, ती पावडर कीड लागू देत नाय, बुरशी येऊ देत नाय. आणि मश्रूम म्हणजे बुरशीच ओ."

ही ओट्यावर बसली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "म्हणजे मी जेवायला घातलं आणि त्यातच विष घातलं."

मेव्हण्याला हेही कळवलं. त्याचं उत्तर असं: "मी वाल सांगितले होते. पावडर मी कुठे सांगितली?" अशा माणसाला काय करावं? शहाण्याला शब्दाचा मार असतो, याला सोटा मारला तरी तो सोट्याचं लाकूड कसं चुकीचं आहे ते सांगेल. त्यानंतर दोन महिने तो आमच्याकडे फिरकला नाही. त्या पिठाचं एवढं एक फळ मात्र आलं.

मुलगा म्हणाला, झालं तर मग, पनवेलचं पक्कं करतो. रागाने नाही म्हणाला, थकून म्हणाला. खोली बघायला सुरुवातही केली. ही स्वयंपाक करायची, वाढायची, आणि स्वतः दोन घास खाऊन उठायची. मी एरवी बोलून घर डोक्यावर घेतो, त्या दिवसांत नुसती सायकल पुसत बसायचो.

एका सकाळी सून त्या नासक्या पिशव्या शेताच्या बांधावर टाकून आली आणि गोठा धुवायला लागली. मागून ही गेली. मी नेहमीसारखा दारातल्या खुर्चीत होतो. ही म्हणाली, "गो, मला शिकव. काय घालायचं, किती घालायचं, सगळं शिकव. मी तसंच करीन. पण जाऊ नका."

सुनेने हातातला झाडू ठेवला. "आई, तुम्ही काय घालू नका."

"थोडं तरी?"

"काहीच नाय." मग ती बोलायला लागली, आणि इतकी वर्षं घरात असून मी तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "मी पनवेलला निघाले ते मश्रूमच्या पिकापायी नाय. पीक कमी आलं असतं तर वाढवलं असतं, कोंड्याने वाढलंच होतं. पण या घरात माझ्या हाताखालची एक वस्तू माझी राहत नाय. भाजी टाकली तर तुम्ही मीठ बघता. पोरीला भरवायला बसले तर तुम्ही ताट घेता. गोठा घेतला, तर त्यात मामा शिरले, आळी शिरली, आणि बाबा दारात बसून सगळ्यांना बोलतात, म्हणून लोक गंमत बघायला मुद्दाम येतात. तुमची माया मला कळते. पण मला श्वास घ्यायला एक जागा पाहिजे. ती इथे मिळाली तर मला पनवेल कशाला?"

बाबा म्हणजे मी. मला वाटत होतं मी पहारा देतोय. मी खुर्ची उचलली आणि घरात नेऊन ठेवली. दुसरं काय करणार होतो?

आमची ही तिथेच उभी राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा भांडेल. दोन्ही तिला चांगलं येतं. पण नाही. घरात आली, चपला घातल्या आणि मला म्हणाली, चला कोलाडला. का, ते सांगेना. बाजारात उतरून सरळ हार्डवेअरच्या दुकानात गेली आणि एक दणकट कुलूप मागितलं. दुकानदाराने तीन दाखवली. हिने तिन्ही हातात घेऊन ओढून बघितली, भांडी घेताना बघते तशी, आणि सगळ्यात जड होतं ते घेतलं.

घरी येऊन तिने ते सुनेच्या हातात दिलं. "गोठ्याला लाव. आत कोण येणार ते तू ठरव."

कुलपाबरोबर दोन चाव्या होत्या. सुनेने एक काढून हिच्यापुढे धरली. म्हणाली, "आई, ही तुमच्याकडे राहू दे. मी कुठे गेले तर लागेल."

हिने हात मागे घेतला.

"नको गो," ती म्हणाली. "दोन्ही तूच ठेव. माझ्याकडे एक राहिली तर मी उघडीन. मला माहीत हाय मी कशी हाय ती."